तारे किती खरे?

समजा तुमच्या घरचा मिक्सर बिघडला आहे आणि नवा घ्यायचा आहे. गोंदियाच्या बाजारातील दोन दुकाने तुम्ही मोबाईलवर पाहिलीत. पहिल्याबद्दल ५ ग्राहकांनी मत दिले असून पाचही समाधानी आहेत. दुसऱ्याबद्दल २०० जणांनी मत दिले, त्यांपैकी १८६ समाधानी आहेत. म्हणजे पहिले १०० टक्के, दुसरे ९३ टक्के. मग जावे कोठे?

उत्तराची घाई करू नका. नाणे चार वेळा उडवले, तर चारही वेळा छापा पडण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. निरीक्षणे थोडी असली की असे योगायोग सहज घडतात. फ्रेंच गणिती लाप्लास याने अठराव्या शतकात यावर एक सोपा नियम दिला. आपल्या उदाहरणात त्याचा अर्थ असा : समाधानी ग्राहकांत १ मिळवा, एकूण ग्राहकांत २ मिळवा आणि मग भागाकार करा. पहिल्या दुकानाचे ६ भागिले ७, म्हणजे सुमारे ८६ टक्के होतात. दुसऱ्याचे १८७ भागिले २०२, म्हणजे जवळजवळ ९३ टक्केच राहतात. पारडे फिरले!

पण संख्या मोठी म्हणजे मत खरे, असे आहे काय? तांदळाच्या दुकानातील काटा मुळातच ५० ग्रॅम जादा दाखवत असेल, तर तीच पिशवी शंभर वेळा तोला. सरासरीतही ५० ग्रॅमची चूक राहणारच. योगायोगाने होणाऱ्या चुका निरीक्षणे वाढवली की कमी होतात, उपकरणातील दोष मात्र तसाच राहतो. म्हणून तर वैध मापन शास्त्र विभाग प्रमाणित वजने लावून काटे तपासतो.

अभिप्रायांच्या काट्यातही असे दोष असतात. फार खूश किंवा फार रागावलेला ग्राहकच बहुधा लिहितो. बाकीचे गप्प राहतात. काही अभिप्राय पैसे देऊन लिहवून घेतलेले असतात, तर काही प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम वाईट लिहिलेले. त्यामुळे एखाद्या प्रामाणिक दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटू शकते. हे ओळखूनच भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. अभिप्राय देणारी व्यक्ती खरी आहे ना, याची पडताळणी हा त्याचा गाभा आहे.

तुम्हीही पडताळणी करू शकता. एकाच आठवड्यात स्तुतीचा पूर आला आहे काय? निरनिराळ्या नावांखाली तीच वाक्ये आहेत काय? मिक्सर किती दिवस चालला, दुरुस्ती कोणी व कशी करून दिली, असा तपशील आहे काय? दुकानदाराने तक्रारीला काय उत्तर दिले, तेही वाचा.

आता एक प्रयोग करा. वर्गातील प्रत्येकाने आपल्या घरच्या मिक्सरबद्दल आईवडिलांचे मत विचारून यावे. येथे गप्प राहणारेही मोजले जातील. ते आकडे मोबाईलवरील ताऱ्यांशी ताडून पाहा. फरक दिसला, तर त्याचे कारण शोधा.