आडनाव, बोली आणि घराण्याचा शोध

जेसी आयझेनबर्ग दिग्दर्शित ‘अ रिअल पेन’ (२०२४) या इंग्रजी चित्रपटात डेव्हिड आणि बेंजी हे दोन चुलतभाऊ दिवंगत आजीचे मूळ घर पाहण्यासाठी अमेरिकेतून पोलंडला जातात. एक संकोची, दुसरा मनमोकळा. त्यांच्या खटक्यांतून विनोद निर्माण होतो. आजीच्या घराच्या दाराशी ते स्मरणार्थ खडे ठेवतात, तोच शेजारी ते उचलावयास सांगतो. कारण तेथे आता दुसरीच वृद्धा राहते व ती ठेचकाळेल! वारसा शोधावयास निघालेल्याच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न हा प्रसंग हसत हसत उभा करतो.

मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावरील उत्तन, चौक, डोंगरी या गावांतील ख्रिस्ती घराण्यांच्या बाबतीत या प्रश्नाला भाषाशास्त्रीय अंग आहे. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत या भागातील अनेक कोळी व शेतकरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना पोर्तुगीज नावे मिळाली. आडनाव पुष्कळदा धर्मपित्याचे वा पाद्र्याचे असे. तेव्हा केवळ आडनावाचा माग काढणारा वंशज लिस्बनला पोहोचेल, स्वतःच्या पूर्वजांपर्यंत पोहोचणार नाही. ‘ईस्ट इंडियन’ हे समाजनामही १८८७ मधले. गोव्याहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी ते घेतले गेले.

आडनाव एका दिवसात बदलते. बोली तशी बदलत नाही. ती आईकडून मुलाकडे येते. या समाजात लग्नापूर्वी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याचा विधी आहे. त्याचे नाव ‘उंबराचं पाणी’. धर्म बदलला, विवाह चर्चमध्ये होऊ लागला, तरी उंबर शब्दात टिकून राहिला. अशा शब्दाची साक्ष आडनावाहून अधिक भरवशाची मानावयास हवी.

अर्थात सुट्या शब्दावरून वंश ठरविणेही चुकीचेच. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि सर्व मराठी घरांत रुळले; त्यावरून कोणी कोणाला पोर्तुगीज म्हणत नाही. विधींची व नात्यांची नावे, घरातील बोलण्याची धाटणी आणि चर्चमधील जुन्या नोंदी यांचा एकत्र विचार केला, तरच घराण्याचा इतिहास हाती येतो.

यांपैकी नोंदी कागदावर राहतील. बोली बोलणाऱ्याबरोबर जाते. नातवंडांचे शिक्षण इंग्रजीत होऊ लागले की आजीचे शब्द समजणारे घरात कमी होतात. चित्रपटातील डेव्हिड अखेर एक खडा परत आणून न्यूयॉर्कमधील स्वतःच्या दाराशी ठेवतो. त्याची आजी तेव्हा बोलावयास नव्हती. ज्यांच्या घरी ती अद्याप आहे, त्यांनी शोधाचा आरंभ तिच्या बोलण्यापासूनच करावा, हे उचित होय.