परसातले करमळ आणि किडनीचा रुग्ण

कोकण-गोव्यात परसातल्या करमळाला (स्टार फ्रूट) भरभरून फळे धरतात. घरचे, बिनफवारणीचे फळ बाधेल असे कुणाला वाटत नाही. पण किडनी निकामी होत आलेल्या किंवा डायलिसिसवरील रुग्णाने ते अजिबात खाऊ नये. त्यातील ऑक्झलेट आणि मेंदूवर परिणाम करणारे कॅरम्बॉक्सिन (ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ओळखलेले) निरोगी किडनी बाहेर टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही. काहींना एखादे फळही पुरते. आधी न थांबणारी उचकी लागते, मग उलट्या, बरळणे, झटके. उचकीवर घरगुती उपाय करत बसू नका. डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठा आणि करमळ खाल्ल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. निरोगी माणसानेही उपाशीपोटी त्याचा ग्लासभर रस पिऊ नये.