कॅमेऱ्यात विटणारा काळा रंग

काळे कापड चित्रीकरणात अनेकदा तपकिरी किंवा जांभळट उतरते. दोष कापडाचा नसतो, अवरक्त किरणांचा असतो. माणसाचा डोळा साधारण 700 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पाहतो. कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला सुमारे 1100 नॅनोमीटरपर्यंतचे किरण जाणवतात. अनेक कृत्रिम काळे रंग दृश्य प्रकाश शोषतात, पण अवरक्त किरण परत फेकतात. म्हणून संक्रांतीची काळीभोर साडी पडद्यावर विटकी दिसते.

कोल्हापुरात बाबूराव पेंटर मूकपट काढत, त्या काळात अडचण उलटी होती. तेव्हाची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी असल्याने लाल कुंकूही काळे उमटे.

आज कोल्हापूरच्या चित्रनगरीत भर उन्हात चित्रीकरण करताना प्रकाश कमी करण्यासाठी एनडी फिल्टर लागतो. खरी गोम इथेच आहे. सहा स्टॉपचा फिल्टर दृश्य प्रकाश 64 पटींनी घटवतो, मात्र साध्या फिल्टरमधून अवरक्त किरण बरेचसे निसटतात. साहजिकच चित्रात त्यांचा वाटा फुगतो. जुन्या टंगस्टन दिव्यांखालीही हा त्रास होतो. एलईडीखाली फारसा नाही.

उपाय म्हणजे अवरक्त किरणही अडवणारा एनडी फिल्टर किंवा भिंगापुढे वेगळा अवरक्तरोधक फिल्टर. परावर्तन करणाऱ्या फिल्टरमुळे वाइड अँगल चित्राच्या कडा हिरवट होऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे. वेशभूषेचे प्रत्येक काळे कापड त्याच कॅमेऱ्यावर, त्याच फिल्टरसह आधी तपासणे सर्वांत स्वस्त. संकलनात गडद भागातील लाली उतरवता येते, पण तिथे केस आणि सावल्यांचे रंगही बिघडतात.