दशांशापाशी अडणारी सिद्धता

०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडताच येत नाही. म्हणून ६४ बिटी अंकगणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी जुळत नाही. प्रोग्रामची बिनचूकता गणिताने तपासणाऱ्या साधनाने या संख्या शुद्ध वास्तव संख्या मानल्या, तर सिद्धता निघते खरी, पण भलत्याच प्रोग्रामची! म्हणूनच ‘सीबीएमसी’ हे तपासणी-साधन प्रत्येक बिटाचा हिशेब ठेवते. मात्र अशा संख्यांच्या ५३ बिटी अंकभागाचा एक गुणाकारही हजारो तार्किक अटींत फुटतो. त्यात लूप आले की वेळ आणि मेमरी दोन्ही अपुऱ्या पडतात. पुण्यातील टीसीएसच्या संशोधन केंद्रात घडवलेले साधन ‘व्हेरिअ‍ॅब्स’ आधी लूपचे सुलभ प्रतिरूप करते, मग तपासते. साइन-कोसाइनची अडचण वेगळीच: त्यांचा शेवटचा बिट लायब्ररीगणिक बदलू शकतो.