गावोगावचे वाडे (६) : मेणवलीत नानांचा वाडा

गेल्या आठवड्यात आपण देवडीपाशी थांबलो होतो. आता आत जाऊ, आणि त्यासाठी वाईच्या जवळचे मेणवली गाठू. १७६८ मध्ये औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नाना फडणवीसांना दिले. पुण्याचा कारभार सांभाळत नानांनी इथे कृष्णाकाठी वाडा, घाट आणि देवळे उभी केली.

वाडा बाहेरून अबोल आहे. उंच भिंती, मोजक्या खिडक्या. आत मात्र एकामागून एक असे सहा चौक, आणि घरातला उजेड-वारा येतो तो त्यांतूनच. जाड भिंती पाहून माडी त्यांनीच पेलली असेल असे वाटते. पण पेशवाईतल्या वाड्यांचे खरे बळ लाकडात असते. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. सगळा भार या सांगाड्यातून जोत्यात उतरतो. भिंत बंदिस्तपणा देते आणि ऊन अडवते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. सोपा किती खणांचा, यावरून घराचा आवाका कळायचा. तुळई किती लांब मिळते त्यावर खण ठरे, आणि म्हणूनच चौकाभोवतीचे खांब अशा सारख्या अंतरावर उभे दिसतात. इथल्या भिंतींवर जुनी चित्रेही आहेत, ती जरूर पाहावीत. मला मात्र खांबांची ही शिस्तच अधिक सुंदर वाटते.

घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे आणि तिथे टांगलेली मोठी घंटा मूळची चर्चमधली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयानंतर ती इकडे आली.

१८०० मध्ये नाना गेले. त्यांच्या पत्नी जिऊबाई लोहगड, पनवेल असे आसरे घेत अखेर मेणवलीला परतल्या. पुण्यातला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. मेणवलीचा वाडा राहिला, आणि त्याच्याबरोबर नानांची कागदपत्रेही राहिली. द. ब. पारसनिसांनी उजेडात आणलेले हे मेणवली दप्तर नसते, तर उत्तर पेशवाईचा कितीतरी भाग आपल्याला ऐकीव गोष्टींवर सोडून द्यावा लागला असता. राजधानीपासून दूर असणे या वाड्याच्या पथ्यावर पडले, असे मी मानतो.

आता प्रश्न डागडुजीचा. अशा वाड्यांत चुन्याच्या जागी सिमेंटचा गिलावा चढवला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, ती लाकडात मुरते आणि खांब बुडापासून कुजू लागतो. वरून भिंत ठणठणीत दिसत राहते, म्हणून हे फार उशिरा कळते. चुना कसा मळतात आणि तो भिंतीला श्वास कसा घेऊ देतो, ते पुढच्या भागात पाहू.