सुरतेहून इंजिन आणायचं तर...

सुरत म्हटलं की साड्या आणि हिरे आठवतात. कोळीवाड्यातल्या माणसाला मात्र त्या वाटेवरून येणारी आणखी एक वस्तू ठाऊक असते, ती म्हणजे बोटीसाठी घेतलेलं जुनं डिझेल इंजिन. नवीन इंजिन परवडत नाही, जुनं दुरुस्त करून करून थकलेलं असतं, अशा वेळी सेकंडहँडचा रस्ता उरतो. इंजिन स्वस्तात मिळतंही. खरा प्रश्न पुढे सुरू होतो. ते चारशे किलोचं धूड घरापर्यंत आणायचं कसं, आणि आणण्याच्या खर्चात स्वस्ताई वाहून जाऊ नये म्हणून काय करायचं? आमच्या मामांच्या बोटीसाठी असं इंजिन आणताना हिशेब आणि कागदपत्रं माझ्याकडे होती. तेव्हा जे समजलं, ते इथे मांडते आहे. बोट नसलेल्यांनाही उपयोग होईल, कारण शेतपंपाचं इंजिन, जनरेटर किंवा गाडीचं इंजिन पाठवण्याची रीत हीच आहे.

आधी ही इंजिनं येतात कुठून ते पाहू. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात, खंभातच्या आखाताच्या काठावर अलंग आहे. १९८३ पासून तिथे जुनी जहाजं मोडली जातात. जहाजाचं मुख्य इंजिन घराएवढं असतं, ते आपल्या कामाचं नाही. पण जहाजावर जनरेटर असतात आणि लाइफबोटी असतात. लाइफबोटीचं छोटं डिझेल इंजिन वर्षानुवर्षं फक्त सरावापुरतं चालवलेलं असतं, म्हणून त्याला मागणी. जहाजातून निघालेला असा माल अलंगच्या रस्त्यालगतच्या दुकानांत विकायला असतो.

अलंगहून सुरतेला येण्याचे दोन मार्ग. आखाताला वळसा घालून रस्त्याने घोघा ते सुरत हे अंतर साधारण ३७० किलोमीटर पडतं. ८ नोव्हेंबर २०२० रोजी घोघा ते हजिरा रो-पॅक्स फेरी सुरू झाली, तेव्हा हेच अंतर समुद्रातून सुमारे ९० किलोमीटर झालं. फेरीत ३० ट्रक मावतात, म्हणजे इंजिन ट्रकमधून न उतरवताच हजिऱ्याला पोचतं. पावसाळ्यात मात्र फेरी चालू आहे का, हे आधी विचारूनच निघावं. हजिरा म्हणजे सुरतच. तिथून मुंबईकडचा महामार्ग लागतो आणि गाड्यांना तोटा नाही.

आता दराबद्दल. सुरतेत चार ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. एकच इंजिन, एकच अंतर, तरी कुणी दुप्पट सांगतो आणि कुणी सरळ "नहीं लेंगे" म्हणतो. मला वाटलं होतं की अडचण वजनाची असणार. एका गोडाऊनमधल्या बुकिंग क्लार्कने सोप्या हिंदीत समजावलं, तेव्हा खरं कारण कळलं. सुरतेच्या ट्रकमध्ये भरतात काय? कापड. साड्यांचे, ड्रेस मटेरियलचे गठ्ठे. त्यांच्या शेजारी जुनं इंजिन ठेवलं आणि त्यातून तेल गळलं, तर एका रात्रीत हजारो रुपयांचं कापड वाया. इंजिनाचं भाडं मिळणार थोडं आणि भरपाई द्यावी लागणार मोठी. त्यामुळे तो एकतर नाही म्हणतो, नाहीतर पूर्ण गाडी घ्यायला लावतो.

मला या सगळ्या विषयाची किल्ली इथेच सापडली. आपण पॅकिंग करतो ते आपल्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून. पण भाडं कमी होतं ते आपल्या वस्तूपासून दुसऱ्याच्या मालाला आणि दुसऱ्याच्या हातांना धोका नसेल तेव्हा. गळत नाही, लवंडत नाही आणि यंत्राने सहज उचलता येतं, असं इंजिन कुणीही इतर मालाबरोबर, म्हणजे पार्ट लोडमध्ये घेतो. असं इंजिन तयार करायचं काम विकणाऱ्याच्या दारातच उरकावं लागतं.

पहिलं काम, तेल पूर्ण काढणे. इंजिन ऑइल, गिअर बॉक्सचं तेल, डिझेल, थंड करणारं पाणी, सगळं. नुसता चेंबरचा बोल्ट उघडून भागत नाही, कारण फिल्टरमध्ये आणि पाइपांमध्येही तेल राहतं. जुना फिल्टर काढून टाकावा. इंजिन रात्रभर तसंच ठेवून सकाळी खाली जमिनीवर डाग पडला आहे का ते पाहावं. काढलेलं तेल गटारात ओतू नये, जुनं तेल विकत घेणारे असतात.

दुसरं, सगळी तोंडं बंद करणे. हवा आत घेणारं तोंड, धूर बाहेर सोडणारं तोंड, पाण्याचे आणि डिझेलचे पाइप. फडकं कोंबून चालत नाही. ते पाणी शोषतं, शिवाय नंतर आतच विसरलं जातं. पत्र्याचा किंवा प्लायचा तुकडा कापून बोल्टने बसवावा किंवा प्लास्टिकची टोपणं लावावीत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. इंजिन बदलायचं ते याच ६१ दिवसांत, म्हणजे ते भर पावसात प्रवास करणार. सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर आत गंज धरतो आणि स्वस्तातलं इंजिन महागात पडतं. म्हणून नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर स्वच्छ तेल सोडतात, इंजिन हाताने एक-दोन वेळा फिरवतात आणि नोझल परत बसवतात. उघड्या लोखंडावर ग्रीस चोपडतात. प्लास्टिक गुंडाळायचं तर वरून, खालची बाजू मोकळी ठेवून. चहूबाजूंनी घट्ट गुंडाळलं तर आतली दमट हवा आतच राहते आणि गंजाला आयतं घर मिळतं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे बैठक. इंजिन कधीही चेंबरवर टेकवू नये. चेंबर म्हणजे तेल साठवणारं पातळ भांडं, चारशे किलोंचा भार सोसणारा पाया नव्हे. इंजिनाला स्वतःचे पाय असतात, ज्यांवर ते बोटीत किंवा चासीवर बसवलेलं असतं. भार त्यांच्यावरच यायला हवा. चार इंच जाडीच्या दोन लाकडी तुळया खाली आणि त्यांवर आडव्या जाड फळ्या, अशी चौकट करायची. इंजिनाचे पाय या फळ्यांवर बोल्टने कसायचे, बोल्ट लाकडातून आरपार आणि खाली मोठा वायसर. चौकट इंजिनापेक्षा थोडी रुंद ठेवायची म्हणजे वळणावर लवंडत नाही. खाली चार इंचांची फट राहते, तिच्यात फोर्कलिफ्टचे दात किंवा हातगाडी शिरते. दोऱ्या आणि पट्ट्या या वरच्या आधारासाठी. नुसत्या दोरीवर उभं केलेलं इंजिन पहिल्या ब्रेकला पुढे सरकतं.

चारही बाजूंनी बंद खोकं करावं का? बहुतेक वेळा नको. ट्रान्सपोर्टवाले वजन आणि आकारमान या दोन्हींनी हिशेब करतात आणि जो जास्त येईल तो लावतात. इंजिन मुळात लहान जागेत जास्त वजनाचं. मोठं खोकं केलं की लाकडाचं वजनही वाढतं आणि जागाही. शिवाय आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून हमाल ते कसंही ढकलतात. उघड्या चौकटीवरचं इंजिन बघताच माणूस जपून हात लावतो.

स्टार्टर, डायनमो, टर्बो, डिझेल पंपाचे बारीक पाइप हे बाहेर आलेले भाग आधी तुटतात. ते काढून वेगळ्या पेटीत ठेवावेत आणि ती पेटी त्याच चौकटीला बोल्ट करावी. सुटी पेटी हमखास मागे राहते. गिअर बॉक्स जड असेल तर तोही सोडवून वेगळा न्यावा, कारण बोटीत बसवताना जुळवणी नव्याने करावीच लागते.

इथे हातांचा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सांगितली आहे. चारशे किलो आठ जणांत वाटले तरी प्रत्येकी पन्नास. पण इंजिनाभोवती आठ जणांना नीट पकडायला जागाच नसते. म्हणजे "दोन माणसं जास्त घेऊ, क्रेनचे पैसे वाचतील" हा हिशेब खरं तर कुणाच्या तरी कमरेवर टाकलेला खर्च आहे. चेनपुली किंवा हायड्रा वापरावा. हायड्राचं भाडं तासावर असतं, म्हणून चौकट, बोल्ट, पट्ट्या सगळं तयार ठेवूनच तो बोलवावा. इंजिनाला उचलण्याचे हूक असतात, साखळी त्यांनाच लावायची, पाइपाला नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक गोष्ट. चौकटीवर सूचना कुठल्या भाषेत लिहायच्या? सुरतेच्या गोडाऊनमध्ये ओडिशाचा माणूस भेटतो, बिहारचा भेटतो, आपला खानदेशी भाऊही भेटतो. मराठीत लिहिलं तर एकाला कळेल, गुजरातीत लिहिलं तर दुसऱ्याला. म्हणून जगभर चित्रांची लिपी ठरवलेली आहे. वर जाणारे दोन बाण म्हणजे ही बाजू वर. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. साखळीची खूण म्हणजे इथूनच उचला. नाव, गाव आणि फोन मात्र ऑइल पेंटने लाकडावरच लिहावं. कागदाची चिठ्ठी पहिल्या सरीत विरघळते.

आता पैसा वाचतो कुठे ते बघू. हिशेब मांडला की दिसतं, खर्च पाच ठिकाणी होतो: चढवणं, गोडाऊनपर्यंतचा टेम्पो, ट्रकचं भाडं, उतरवणं, आणि तिथून घरापर्यंतचा टेम्पो. आपण घासाघीस करतो ती मधल्या भाड्यावर. पण पैसा जास्त गळतो दोन्ही टोकांना. म्हणून बुकिंगच्या आधी विचारावं, दर गोडाऊन डिलिव्हरीचा की दारापर्यंतचा? उतरवायला तिथे फोर्कलिफ्ट आहे का? हमाली वेगळी का? एखादी गाडी माल पोचवून रिकामी परत निघाली असेल तर तिचा दर कमी असतो, चौकशी करायला लाज वाटू देऊ नये. सगळ्यात उत्तम म्हणजे दोन-तीन नाखवांनी मिळून एक गाडी करावी. मच्छीमार सोसायटीत सगळे एकमेकांना ओळखतात, फक्त मे महिन्यातच बोलून ठेवायला हवं.

कागदांत कंजुषी नको. बिलावर इंजिन नंबर असावा आणि नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवावा. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे सुरत ते मुंबई या साधारण २८० किलोमीटरसाठी दोन दिवस. मग बिल्टी. तिच्यावर मालाची खरी किंमत लिहून घ्यावी, "जुनं भंगार" नव्हे. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे आणि २०११ चे नियम. जास्त जोखमीचा दर ठरवून भरला नसेल, तर नुकसान झाल्यावर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. समजा भाडं ३,००० रुपये आणि इंजिन दीड लाखाचं, तर जास्तीत जास्त ३०,००० मिळतील. बाकीचे एक लाख वीस हजार आपले गेले. म्हणून एकतर जोखमीचा दर भरावा, नाहीतर प्रवासाचा विमा उतरवावा. माल घेताना तुटफूट दिसली तर सही करण्याआधी पोच पावतीवर तसं लिहावं, फोटो काढावेत, आणि बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी. कोळीवाड्यात यातलं फारसं कुणी सांगत नाही. "नशीब" म्हणून सोडून देतात.

इंजिन घरी पोचलं की लगेच स्टार्टर मारायचा मोह होतो. आधी नोझल काढून हाताने फिरवावं, म्हणजे आत सोडलेलं तेल किंवा चुकून शिरलेलं पाणी बाहेर येतं. लावलेली सगळी टोपणं मोजून काढावीत. नवीन फिल्टर, नवीन तेल, आणि मग सुरुवात.

१ ऑगस्टला बोट पाण्यात गेली नाही, तर खलाशांना दिलेली आगाऊ रक्कम, बर्फ, जाळी, सगळ्याचा भार घरावर येतो. एका इंजिनावर सात-आठ घरांची चूल अवलंबून असते. रविवारी मिस्सामध्ये शेजारधर्माबद्दल आपण खूप ऐकतो. ट्रकमध्ये आपल्या इंजिनाला लागून ठेवलेला साडीचा गठ्ठा ज्याचा असतो, तोही प्रवासापुरता आपला शेजारीच असतो, आणि इंजिन उतरवून घेणारा हमालही. त्यांची काळजी घेऊन बांधलेलं इंजिन कमी भाड्यात येतं आणि धडही येतं.