दुसरं कधी?
(लेखमाला : बदलतं घर, लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण लग्नाचं वाढतं वय पाहिलं. आता लग्नानंतरचं. पहिलं मूल चालायला लागलं की घरच्या-दारच्या बायका सुनेला विचारतात, 'दुसरं कधी? एकाला एक हवं.' अलीकडे या प्रश्नाला बऱ्याच घरांत 'नाही, एकच पुरे' असं सरळ उत्तर मिळतं. पहिलंही नको म्हणणारी जोडपी पुण्या-मुंबईत भेटतात, पण ती अजून थोडी आहेत. महाराष्ट्रातला जन्मदर खाली आला तो मुख्यतः चार-पाचांवरून दोनावर आणि आता दोनावरून एकावर थांबणाऱ्या, अगदी साध्या संसारांमुळे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली तेव्हा महाराष्ट्राचा एकूण जननदर २.९ होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो १.७ वर आला. सध्याच्या वेगानं मुलं होत राहिली तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती होतील, ते हा आकडा सांगतो. आईबापांची जागा पुढच्या पिढीनं भरून काढायची तर तो २.१ च्या आसपास लागतो. याच फेरीत गोव्याचा दर १.३ होता, बिहारचा ३.०. माणसांची संख्या मात्र लगेच घटत नाही, कारण आधीच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत.

या आकड्यांतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातला दरही दोनच्या खाली गेला आहे. 'शिकलेल्या, नोकरीवाल्या शहरी पोरींना मुलं नको असतात' हे जे ठरलेलं स्पष्टीकरण कट्ट्यावर ऐकू येतं, ते इथंच संपतं. शेतावर राबणारी, बचतगटाचा हप्ता भरणारी बाईही थांबते आहे.

ती का थांबते? जमीन हे एक मोठं कारण. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर राहिली. चार भावांत वाटणी होऊन वाट्याला आलेल्या तुकड्यावर ज्यानं आयुष्य काढलं, तो आपल्या पोरांसाठी तीच वाटणी पुन्हा मांडत नाही. शेतीतून उठून नोकरीत शिरायचं तर शिक्षण लागतं, आणि शिक्षण म्हणजे तालुक्याची इंग्रजी शाळा, तिची बस, पुढं क्लास, लातूरला किंवा पुण्याला ठेवायचं तर खोलीचं भाडं आणि मेसचा डबा. हा खर्च एकाचाच झेपतो. दुसरं कारण आनंदाचं आहे: मुलं जगतात. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जात. २०२० मध्ये महाराष्ट्रात हा आकडा १६ होता. पूर्वी 'दोन गेली तर दोन तरी राहतील' असा हिशेब आया मनातल्या मनात करत. तो आता करावा लागत नाही.

मुलगा होईपर्यंत बाळंतपणं हा जुन्या मोठ्या कुटुंबांचा आणखी एक आधार होता. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशी' किंवा 'नकोशी' नाव ठेवलेल्या २८५ मुलींचं समारंभानं नव्यानं बारसं झालं, ते अनेकांना आठवत असेल. कुटुंब लहान झालं, पण मुलाचा हट्ट लगेच गेला नाही, आणि त्याची किंमत मुलींनी जन्माआधीच मोजली. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं मुलींचं प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ असं घसरत गेलं. बीड जिल्ह्यात ते ८०७ पर्यंत गेलं होतं. लहान कुटुंब म्हणजे आपोआप प्रगत कुटुंब, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवूनच बोलावं.

या विषयात महाराष्ट्राकडं एक मोठा वारसा आहे आणि आपण तो पुरेसा सांगत नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या माणसाला त्या कामापायी नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढं १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाकडून मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूनं ठरावही आला. कर्व्यांचा मुद्दा केवळ लोकसंख्येचा नव्हता. बाळंतपण बाईच्या शरीरावर होतं, म्हणून ते कधी आणि किती वेळा, हे तिनं ठरवावं, असं ते म्हणत. स्वतः रघुनाथ आणि मालती कर्व्यांनी मूल होऊ दिलं नाही, आणि त्यासाठी नसबंदी रघुनाथरावांनी करून घेतली.

आज चित्र काय आहे? महाराष्ट्रातल्या विवाहित, जननक्षम वयातल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबलेली जोडपी शंभरात एकही नाहीत. पुरुषाचं ऑपरेशन सोपं आणि कमी जोखमीचं असूनही ही स्थिती आहे. देशभरात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बाईचं मध्य वय साधारण २६ असतं. मुलं जन्माला घालणं तिच्याकडं होतंच, न होऊ देणंही तिच्याकडंच आलं.

जन्मानंतरचंही तसंच. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली, तीच कामं करणाऱ्या पुरुषांची ८८. पाच वर्षांपूर्वी हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे फरक जवळपास तेवढाच राहिला. पहिल्या मुलाच्या वेळी रात्रीची जागरणं, लसीकरणाचे दिवस, आजारपण, सुट्ट्यांसाठी साहेबांपुढं केलेली मनधरणी हे सगळं जिनं एकटीनं काढलं, ती दुसऱ्याचा विचार करताना घराचं बजेट पाहतेच, पण शेजारी बसलेल्या माणसाकडंही पाहते. तिचा नकार मुलाला नसतो. पुन्हा एकदा एकटीनं सगळं करण्याला असतो. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथं आहे, आणि आपल्या चर्चांत नेमकं हेच सगळ्यात कमी येतं.

चर्चा होते ती आकड्यांची. १३ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात सरपंचाचं पद जातं. २००५ च्या नियमांनुसार दोनपेक्षा अधिक मुलं असणाऱ्याला सरकारी नोकरीचं दार बंद होतं. दुसरीकडं डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी दोनपेक्षा जास्त, तीन मुलं हवीत असं सांगितलं. आंध्र प्रदेशानं त्याच्या आदल्या महिन्यात निवडणुकीतली दोन अपत्यांची अट काढून टाकली. दोन्ही टोकांना बाईनं किती मुलं जन्माला घालावीत ते दुसरंच कुणी सांगतं आहे. मला दोन्ही अमान्य आहेत. तिसऱ्या मुलापायी सदस्यत्व गेलेल्या कितीतरी बायकांचा ते मूल होऊ देण्याच्या निर्णयात आवाजही नसतो.

ज्यांना दुसरं मूल खरोखर हवं आहे आणि परवडत नाही म्हणून जे थांबले आहेत, त्यांच्यासाठी करण्यासारखं बरंच आहे. २०१७ च्या कायद्यानं नोकरदार आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण त्या रजेतला पगार बऱ्याचदा मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून लहान कंपन्या लग्न झालेल्या मुलीला घ्यायला कचरतात. ही रक्कम सरकारनं किंवा विम्यानं उचलली तर ती भीती जाईल. बापासाठी खासगी नोकरीत रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आहे. शेतमजूर, घरकामगार, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली तिच्या बाहेरच राहतात. अंगणवाडी काही तासांत सुटते. तिच्या वेळा आईच्या कामाच्या वेळांशी जुळवल्या आणि तिथंच पाळणाघर चालवलं, तर गावोगावच्या आज्यांवरचा भारही हलका होईल. सध्या महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं पाळणाघर आजीच चालवते, तेही गुडघे दुखत असताना.

आजीकडून निघणारा पुढचा प्रश्न म्हणजे एकुलत्या मुलाच्या आईबापांचं म्हातारपण. त्याचा विचार पुढच्या आठवड्यात.